उशीवरचा हात

एकोणऐंशीच्या अक्षयतृतीयेला मी माझ्याच घरात चोरी केली. नागपूरच्या महाल भागातलं आमचं भाड्याचं घर, मागच्या अंगणात चूल पेटलेली, सगळे पुढच्या खोलीत घागरीच्या पूजेत गुंतलेले... आणि मी परातीतला भिजवलेल्या पिठाचा एक गोळा गुपचूप उचलला.

यात चोरी कसली, असं तुम्ही म्हणाल. तर त्याच्या वर्षभर आधी माझ्या उजव्या बाजूचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. काखेतल्या गाठीही काढल्या, मग विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन... आणि शेक संपून दोन-तीन महिने होत नाहीत तर उजवा हात सुजायला लागला.

आता त्याला लिम्फेडेमा म्हणतात, तेव्हा आम्ही नुसतं 'हात भरला' म्हणायचो. गल्लीतल्या बायकांना वाटायचं हा हत्तीपायच, फक्त वाट चुकून हातात आला. नागपुरात हत्तीपाय सगळ्यांच्या ओळखीचा... कॅन्सरचं नाव मात्र कोणी तोंडातून काढत नसे, मीही नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, या हाताला चटका नको, काटा नको, सुई नको, ओझं नको. आणि बसाल तेव्हा हात उशीवर उंच ठेवा. आता बसणं हा प्रकारच मला ठाऊक नव्हता... लहानपणापासून आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे.

बसलं की डोक्यात एकच यायचं. मी गेले तर माझ्या नऊ वर्षांच्या मंजूचं काय... म्हणून उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम पुन्हा पुन्हा करायचा, हाताला बांधलेली पट्टी सोडायची, परत गुंडाळायची... दिवस काही केल्या सरत नसे.

घरातलं सगळं काम धाकट्या जावेकडे, विमलकडे गेलं. आमचं तसं फार जमत नसे. ती गोगलगाय आणि मी ही अशी... तिला मसाला वाटताना पाहिलं तरी माझे हात शिवशिवायचे. दुपारी तर ती तासभर गायबच व्हायची. मी उशीवर हात ठेवून मनात म्हणायचे, मजा आहे बाईची.

एक लांब रोटी तेवढी तिला येत नव्हती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते... पीठ सैल भिजवून परातीत आपटत राहायचं, मग गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर अलगद टाकायचा. आमच्या घरी आमरसाबरोबर हीच रोटी, आणि करायची ती मीच.

त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, यंदा विमल करील. झालं... एवढी एक जागा राहिली होती माझी, तीही गेली.

म्हणून ती चोरी. पहिली रोटी अगदी झकास पडली, मला तर रडूच आलं. दुसरा गोळा घेतला तर हात वरच उचलेना... जड झाला, खाली आला आणि माठाला टेकला. सुजलेल्या हाताला चटका कळलाही उशिरा.

मी पदराखाली हात लपवला आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी हात लालभडक, अंगात हुडहुडी भरून ताप... दहा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर फार रागावले, आणि तापात मला मंजूशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

विमल रोज डबा घेऊन यायची. एक दिवस मीच म्हटलं, तुझ्याकडून रोटी बिघडली असती म्हणून केली मी. खोटंच होतं ते... तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "ताई, काहून आपल्याच जीवावर उठल्या तुमी? दुपारच्या वक्ताले मी शेजारच्या काकूकडे रोटी शिकून राहिली होती ना. तुमाले चुलीपाशी जा लागू नये म्हून."

जिला मी वर्षभर मनात शिव्या घातल्या, ती माझ्यासाठी दुपारची झोप सोडून रोट्या फाडत होती. लाज वाटली, खरं सांगते. आणि तरीही मी हट्टाने म्हटलं, मला नुसतं बसून जगता येणार नाही गं.

तिने माझ्या हाताखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "तुमचा डावा चांगला हाय ना? मंग उजवा माहा घ्या."

आंबे संपायच्या आत आम्ही अंगणात चूल मांडली. माझा उजवा हात चुलीपासून लांब, स्टुलावर, उशीसकट... डाव्या हातावर मी गोळा झेलायचा, विमलने उजव्या हाताने दुसरं टोक धरून ओढायचं आणि दोघींनी मिळून माठावर टाकायचं. पहिल्या चार फाटल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुमी भांडून राहिल्या का रोटी करून राहिल्या वं?" पाचवी पडली.

पुढे दरवर्षी रोटी आम्ही अशीच केली. हात अजून तसाच आहे. सकाळी उठल्यावर आधी सूज आवरणारी घट्ट बाही चढवते, मग चहा... बसणं अजूनही जमलेलं नाही. हा हात आता शांत बसत नाही, मीही नाही, असं आमचं चाललंय.

परवाच्या अक्षयतृतीयेला मंजूने रोट्या केल्या. तिची पन्नाशी उलटलीय आणि ती एकटीच दोन्ही हातांनी भराभर करते. मी आणि विमल बाजूला खुर्च्या टाकून बघत होतो... विमल मला हळूच म्हणाली, एकटीले कशी जमते हो हिले? आम्हा दोघींना काही रोटी आता एकटीने यायची नाही.