पाय बघणाऱ्या शेवंता सिस्टर

आमच्या उपकेंद्राच्या शेवंता सिस्टर गरोदर बाईचं तोंड बघायच्या आधी तिचे पाय बघायच्या. मंद्रूपच्या पुढं आमच्या मळ्यातल्या वस्तीवर एसटी येत नाही. त्या औषधांची पिशवी खांद्याला लावून चालत यायच्या आणि आल्या आल्या वाकून नडगीवर अंगठा दाबायच्या. नव्या सुना दचकून मागं सरायच्या. थोरल्या बाईनं आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! सिस्टर हसायच्या. "तोंडाला पावडर लावशील, पायाला काय लावशील गं?"

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. दुसऱ्या दिवशी ओटी भरायची होती, सासरची माणसं यायची होती, आईनं पुरणाची डाळसुद्धा निवडून ठेवलेली. सिस्टरांनी अंगठा दाबला, तर नडगीवर खड्डा तसाच राहिला. पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि त्यांचं हसणं गेलं. आत्ताच्या आत्ता सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाल्या, नाहीतर झटके येतील, मायलेकरं दोघंही हाताला लागायची नाहीत. आई अडून बसली. ओटी न भरता भरल्या पोटाची लेक दाराबाहेर कशी काढू, उद्या नेऊ, असं तिचं एकच.

आता सिस्टर भांडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी वडिलांना जीप आणायला पिटाळलं आणि आईला म्हणाल्या, "मग आत्ताच भर की, अक्का. जीप येईस्तोवर."

शेजारच्या रानात कांदा काढणाऱ्या बायका त्यांनी हाका मारून आणल्या. हात नुसते पाण्यातून काढून, कमरेला पदर खोचलेल्या त्या बायका घाईघाईनं माझी ओटी भरू लागल्या. मला हसूही येत होतं आणि जीवही घाबरा झाला होता. सिस्टर मात्र दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान ऐन उमेदीत गेलेले. विधवेनं ओटी भरायची नसते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

जीप दारात आली. आईनं मला उठवलं आणि तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ताट घेऊन ती मला सरळ बाहेर सिस्टरांपुढं घेऊन गेली.

"सिस्टर, तुमी बी भरा."

"मला चालत न्हाय, अक्का."

"लेक वाचवायला तुमी चालता," आई म्हणाली, "मग ओटीला का न्हाय?"

सिस्टरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि ओंजळभर तांदूळ माझ्या ओटीत घातले. दवाखान्यापर्यंत त्या माझा हात धरून बसल्या. पोरगी अशक्त जन्मली, पण जन्मली. मीही वाचले.

त्यानंतर आमच्या वस्तीवर सिस्टरांवाचून कुणाची ओटी भरली गेली नाही. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. परवा माझ्या भावजयीची ओटी होती. बायका जमल्या, पाट मांडला, आणि आई ताट हातात घेऊन दाराकडं बघत तशीच उभी राहिली.