तळाला मारलेली लाथ

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लष्कराची आमची डायव्हिंग टीम अंदमानला पोचली तेव्हा तिच्यात मराठी दोनच होते. बारामतीजवळच्या कन्हेरीचा मी, आणि इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरचा लान्स नायक सोपान. दोघंही विहिरीत पोहायला शिकलेलो. त्यावरून रोज जुंपायची.

“तुमच्या हिरीत बेडूक तरी बुडतो का रं?” मी म्हणायचो.

“बारामतीकर तेवढं बुडत्यात,” तो म्हणायचा.

काम होतं समुद्राखालच्या एका गुहेचा नकाशा करण्याचं. गुहेच्या तोंडापासून दोर बांधत आत जायचं आणि तोच धरून परतायचं. तळाशी पिठासारखा गाळ होता. सुभेदारसाहेबांची ताकीद होती, “रस्सी मत छोड़ना. नीचे पैर मत लगाना.”

सकाळी दहा वाजता आम्ही दोघं शिरलो. तोंडाशी पोवळी, निळेपिवळे मासे. आत काळोख. शेवटी छताखाली हवेचा कप्पा लागला. डोकी वर काढून टॉर्च मारला, तर छतावरून चुनखडीचे पांढरेशुभ्र सुळके लोंबत होते.

“आबाला दावाय पायजे हे,” सोपान म्हणाला. आबा म्हणजे त्याचे वडील.

आनंदाच्या भरात मी दोर सोडला, बुडी मारली आणि वर यायला तळाला लाथ हाणली. विहिरीत पोहणारा असाच वर येतो. क्षणात सगळं पाणी गढूळ झालं. हातातला टॉर्च दिसेना. दोर कुठं गेला कळेना.

कप्प्यातली हवा जड होत चालली होती. मी पार घाबरलो होतो, हे लिहायला लाज नाही.

“तू हितंच थांब. हलू नगं,” सोपान म्हणाला आणि दोर शोधायला गेला. रिकाम्या हातानं आला. पुन्हा गेला. या वेळी त्यानं खालून माझा हात ओढला, दोरावर ठेवला, मूठ घट्ट दाबली आणि मला पुढं ढकललं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी बाहेर आलो. तो मागं आहे असंच मला वाटत होतं. दोन फेऱ्यांत त्याच्या टाकीतली हवा संपली होती. दुपारी दुसऱ्या टीमनं त्याला बाहेर आणलं.

रिपोर्टात ‘अपघात’ असं लिहिलं गेलं. सुट्टी मिळाली तसा मी थेट लोणी देवकरला गेलो.

“आबा, तळाला लाथ मी मारली. माझ्यामुळं गेला तो.”

आबा विहिरीच्या कठड्यावर बसले.

“त्यालाबी तसंच वर याय शिकवलं हुतं मी. ह्याच हिरीत,” ते म्हणाले. मग उठले. “जेवल्याबिगर जाऊ नगंस.”

जेवूनच निघालो.

लान्स नायक सोपान, गाव लोणी देवकर. दोर त्याला सापडला होता. तो त्यानं आधी माझ्या हातात दिला.