तात्यांना मी फटफटीला बांधलं

आमच्या गावच्या जत्रेत फटफट्यांची शर्यत एकदाच झाली, आणि त्या शर्यतीत सुरक्षिततेची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं गावात अजूनही बोललं जातं. म्हणून मला माझी बाजू थोडी मांडायची आहे.

आमचं गाव सोनईच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. चैत्रात जत्रा, जत्रेत बैलगाड्यांची शर्यत, आणि शर्यतीत पहिला गाडा आमच्या घरचा. हा मान कधीपासूनचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो फार जुना आहे असं धरलं जाई. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं. गावातले झाडून सगळे बैल राहुरीकडच्या छावणीत गेले होते. गाडा ओढणार कोण? पंच चावडीत बसले, पुष्कळ चहा झाला, आणि निर्णय आला की देवाला शर्यत पाहिजे. बैलच पाहिजेत असं काही देवानं सांगितलेलं नाही. पंचक्रोशीत फटफट्या दोन. एक सोनईच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची आणि दुसरी आमच्या तात्यांची.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. मनानं फार चांगले. फटफटी सुरू करताना ते आधी तिच्या टाकीवर थाप मारत आणि ‘चल राजा’ म्हणत. मग किक मारत.

मी तेव्हा नगरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच, आणि माझी प्रगती पाहता शेवटचाच ठरेन अशी चिन्हं होती. इंग्रजीनं मला सहामाहीत आडवं केलं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, त्यांनी मला परत शेतावर आणायचं जवळजवळ ठरवलं होतं. अशा वेळी तात्या जेवता जेवता म्हणाले, “पोरगं तिकडं मोटारींच्या शर्यतीचं पुस्तक वाचतंय. त्यालाच इचारू, काय काय लागतं ते.”

पुस्तक मी आणलं होतं हे खरं. (जाडजूड इंग्रजी होतं. चित्रांसाठी आणलं होतं.) पण आण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे अट घातली. “मंग हेच्यावरच ठरवू. तात्याच्या अंगावर एक ओरखडा जरी आला, तर तुझं कालिज बंद. न्हाई आला, तर जूनमंदी जा.”

म्हणजे माझं सगळं शिक्षण आता तात्यांच्या कातडीवर अवलंबून होतं!

मी डिक्शनरी घेऊन बसलो. पुस्तक म्हणत होतं, चालकानं जाड चामड्याचा पोशाख घालावा. आमच्या घरी जाड चामड्याची एकच वस्तू होती. विहिरीवर इंजिन बसल्यापासून गोठ्यात पडून असलेली, पाणी उपसायची मोट. चांभारानं ती उलगडली, मधे डोक्यापुरतं भोक पाडलं आणि दोन्ही बाजू दाभणानं शिवल्या. वाळून फळीसारखी झालेली. ती मऊ करायला पाणी कुठलं, प्यायलाच नव्हतं. म्हणून करंजीचं तेल चोळलं. तात्या आत शिरले तेव्हा त्यांचे हात दोन्ही बाजूंना आडवे राहिले. खाली येईनात, नुसते पंजे कसेबसे हँडलवर टेकत. उरलेल्या चामड्याचे हातमोजे केले, त्यात बोटं वाकत नव्हती. आणि त्या जुन्या चामड्याच्या वासानं जत्रेतली सगळी कुत्री तात्यांच्या मागे लागली, ती शेवटपर्यंत हटली नाहीत.

पुढे डोकं. पुस्तकात शिरस्त्राण होतं, आमच्याकडे पितळी तपेलं होतं. आत पंचा कोंबला तर बसलं बरोबर. पण हनुवटीखाली बांधायला पट्टा हवा. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, बैलाचा घुंगरांचा पट्टा काढून दिला. घुंगरं काढू का, म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडून दिला.

आणि मग ते वाक्य आलं. चालकाला आसनाशी पट्ट्यानं घट्ट बांधलेलं असावं. मी डिक्शनरीत दोनदा पाहिलं. बांधलेलं म्हणजे बांधलेलंच. (तो भाग चारचाकी मोटारींचा होता. फटफट्यांचं प्रकरण वेगळं आहे हे मला नंतर कळलं.) मी बैलाचा कासरा आणला. तात्यांच्या कमरेला वेढे, सीटखालून वेढे, मांड्यांवरून वेढे.

“आरं, मला बांधतो कशाला?” तात्या तपेल्यातून म्हणाले. “मी काय पळून चाललोय?”

“तात्या, पुस्तकात आहे.”

“आसंल तर बांध,” ते म्हणाले. शिक्षणावर त्यांचा फार विश्वास. कासरा पुष्कळ उरला. चांगला कासरा कापायचा नसतो, म्हणून उरलेल्याचं वेटोळं करून मी मागच्या कॅरिअरला अडकवलं. चाकांत हवा पाहिली. पायाचा ब्रेक स्वतः दाबून पाहिला. उत्तम लागत होता. तिथे बोट ठेवायला कोणाला जागा नाही.

शर्यत दुष्काळी कामावरच्या नव्या रस्त्यावर होती. सरळ, मुरमाचा, छान. फक्त तो कुठे जात नव्हता. जेवढं काम मंजूर होतं तेवढा झाला आणि मुरमाच्या एका मोठ्या ढिगाशी संपला. ढिगाच्या बरंच अलीकडे चुन्याची फक्की मारून शेवटची रेघ केली होती, आणि रेघेपलीकडे खालच्या आळीचे गडी उभे होते. बैलांच्या शर्यतीत बैल काही रेघ पाहून थांबत नाहीत. पुढे उभ्या माणसांनी ते शिंगांना धरून आवरायचे असतात. हे धरण्याचा मान आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खालच्या आळीचा. त्यांनी फेटे बांधले होते, कपाळाला गुलाल लावला होता. फटफटीला शिंगं नसली तरी हँडल असतं, असा त्यांनी विचार केला असावा. रेघेवर मी, हातात निशाण. पुस्तकात काळ्या-पांढऱ्या चौकटींचं होतं. माझ्याकडे शेजाऱ्यांची चौकटीची लुंगी होती.

कंपाउंडर स्वच्छ पायजमा आणि काळा चष्मा घालून आले. तात्यांना चार जणांनी फटफटीसकट ढकलत आणलं. कंपाउंडरांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि हलक्या आवाजात मला विचारलं की पेशंट कुठला आहे.

नारळ फुटला आणि दोघे सुटले. पहिल्याच खड्ड्यात तात्यांचं तपेलं डोळ्यांवर आलं. ते वर सारायला हात लागतो, आणि हात मोटेत अडकलेले! पण रस्ता सरळ होता आणि तात्यांची श्रद्धा मोठी होती. घुंगरं वाजताहेत, मागे कुत्री, आडवे हात, पितळी डोकं उन्हात चमकतंय, अशी ती स्वारी आली. कंपाउंडर पुढे होते. पण त्यांनी रेघ जवळ आल्यावर, कोणीही शहाणा माणूस करील तसा, वेग कमी केला. तात्यांनी केला नाही. तात्या जिंकले! आमचा मान राहिला! मी लुंगी फडकवली.

आणि खालच्या आळीनं समोरून येणारं ते नीट पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान, पण क्षणात रस्ता मोकळा झाला. एक गडी बाभळीवर दिसला, तो तिथे कसा गेला ते त्यालाही सांगता आलं नाही.

पुढे मुरमाचा ढीग. माझ्या डोळ्यांसमोर कॉलेजची इमारत तरळली. तेवढ्यात खड्ड्यांनी सुटलेलं कासऱ्याचं वेटोळं माझ्या पायाशी सळसळत आलं. बैल उधळला की कासरा धरायचा, हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं; ते अंगातच असतं. मी धरला. बैल निदान मागे वळून पाहतो. मी पोटावर आडवा, पुढे तात्या, दोघांच्या मधे कुत्री. मुरूम म्हणजे काय असतो ते त्या दिवशी मला सविस्तर समजलं. माझ्या ओझ्यानं वेग मरत गेला, फटफटी ढिगात अर्ध्या चाकापर्यंत रुतली आणि बंद पडली. तात्या ताठ बसलेले. पडणार कसे? बांधलेले होते.

मी सरपटत गेलो आणि तपेलं वर केलं. आत तात्या प्रसन्न होते.

“धरली का रं?” त्यांनी विचारलं.

“तात्या, ब्रेक का नाही दाबला?”

“ब्रेक?” तात्यांना माझ्या प्रश्नाचं वाईट वाटलेलं दिसलं. “आरं, थांबवायचा मान खालच्या आळीचा. आपन कसा घ्यायचा तो?”

आण्णा आले. ते माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी आधी कासरा सोडवला, दाभणाची शिवण उसवली, आणि तात्यांना भर रस्त्यात उघडं करून, फिरवून फिरवून तपासलं. करंजीच्या तेलानं तात्या चकचकत होते. ओरखडा नाही. खालची आळी बाभळीवरून पाहत होती, पंच पाहत होते. आण्णा दिलेल्या शब्दाला पक्के. “जूनमंदी जा,” ते म्हणाले.

मी आनंदानं हात वर केला आणि ओरडलो. मनगट मोडलं होतं. कंपाउंडरांनी तिथेच बांबूच्या कामट्या लावून ते बांधलं. गुडघे, कोपरं, हनुवटी, पोट, जिथे जिथे कातडं होतं तिथे तिथे त्यांनी जांभळं औषध लावलं, आणि ते संपल्यावर थांबले. आण्णा हे सगळं बघत उभे होते.

“समद्या पुस्तकात,” ते सावकाश म्हणाले, “बाजूला उभ्या आसलेल्या मान्सानं सवताला कसं राखायचं, तेवढं न्हवतं व्हय?”

मी खरं तेच सांगितलं. “होतं आण्णा. ते पुढच्या प्रकरणात होतं. तिथवर वाचून झालं नव्हतं.”

जूनमध्ये आण्णा मला सोडायला स्वतः एस्टीपर्यंत आले. ट्रंक वर चढवली, मला खिडकीपासून लांब, आतल्या जागेवर बसवलं, आणि खाली उतरून कंडक्टरला बाजूला घेतलं. “मास्तर,” ते म्हणाले, “शिकल्यालं हाय. जरा संबाळून न्या.”