धाब्यावरची काळी माती

अंगणवाडीच्या मुलांना आमचं घर दाखवायचं, ही कल्पना अंगणवाडीच्या ताईंची. धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, आमच्या गावात आता चारच घरं उरली आहेत. मुलांनी ती पाहावीत, त्यांच्या गोष्टी ऐकाव्यात, मग हातांनी तशी घरं करावीत, असं त्यांच्या मनात होतं. आमचं घर ताईंच्या वडिलांनीच बांधलेलं. ते गावचे मिस्त्री होते. पुढे गावात काम मिळेना, म्हणून नांदुऱ्याला गेले.

मुलं अंगणात बसली. एका मुलीने विचारलं, "आबा, त्या खोलीवर टिन काऊन हाये?"

चाळीस वर्षांचं ठरलेलं उत्तर तोंडातून गेलं. "मिस्त्रीनं कच्चं काम केलं होतं. पावसात धाबं बसलं."

ताई तुरीच्या काड्या मोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

मुलांनी मातीच्या छोट्या भिंती उभ्या केल्या, त्यावर काड्या, कडुनिंबाचा पाला आणि गावच्या जुन्या गढीवरच्या पांढऱ्या मातीचा थर दिला. पांढरी माती संपली, तेव्हा त्या मुलीने माझ्या परसातली काळी थापली. दोन दिवसांनी घरं वाळली आणि ताईंनी प्रत्येकावर तांब्याने पाणी ओतलं. पांढऱ्या मातीवरून ते वाहून गेलं. काळीला भेगा पडल्या होत्या. पाणी सरळ आत.

"तुह्यं घर गळून राह्यलं वं!" पोरं ओरडली.

"म्या नाही केलं," ती फणकारली, "मिस्त्रीनं केलं!"

सगळी हसली. मी मात्र खाली बसलो आणि मुलांना खरं सांगितलं. दर उन्हाळ्यात धाब्यावर पांढरी माती टाकावी लागते. ते काम माझ्याकडे होतं. त्या वर्षी गढीपर्यंत बैलगाडी नेण्याचा कंटाळा करून मी शेतातली काळी टाकली. धाबं बसलं तेव्हा वडिलांच्या धाकाने मिस्त्रीचं नाव घेतलं. त्यानंतर गावात त्यांना कोणी कामाला बोलावलं नाही.

ताईंनी फोन लावून माझ्या हातात दिला. "काका, अब्बाले तुम्हीच सांगा."

मी सांगितलं.

"मले तवाच समजलं होतं, भाऊ. पडेल माती पाह्यली होती म्या."

"मग बोलले काऊन नाही?"

"बोललो ना. तुमच्या वडलांनं पोराचं सोडून माह्यं ऐकलं असतं का?" ते हसले. "त्या पोरीले सांगा, मिस्त्रीचं नाव घ्याचं असन त आधी चहा पाजा लागते. अन् पोरांसमोर बोलले, तसं गावासमोर बोला."

पुढच्या ग्रामसभेत मी बोललो. शेजारचे एक जण उठून म्हणाले, "मिस्त्रीले बोलवा मंग. आमचंही धाबं एकडाव पाहून घेतीन."

मिस्त्री आले. मुलांच्या गराड्यात खुर्चीवर बसून माती कशी दाबायची, ते दाखवत होते. मी चहा नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, याचे उपकार मी कसे फेडू? आमची पडलेली खोली त्यांनी पक्कीच बांधली होती. चूक माझी होती.