पुसता न येणारा फोटो

खटॅक… कर्रर! शाळेच्या गॅदरिंगला फोटोवाले मामा रोल पुढे सरकवायचे, तो आवाज आज कर्जतच्या बाजारात कानावर आला आणि मित्रांनो, मी जागीच थांबलो.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोन जुने रोलचे कॅमेरे होते. एक भारदस्त. शर्टात ठेवला तर खिसाच लोंबला. दुसरा प्लास्टिकचा, साबणाच्या वडीसारखा हलका आणि स्वस्त.

"काका, भारीतला न्या," दुकानदार म्हणाला.

"अरे, रोज भाजीच्या पिशवीत राहायला हवा!" मी हलका घेतला.

कारण आमची ही. फोनमधला स्वतःचा प्रत्येक फोटो पुसून टाकते. म्हातारपणातला तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. रोलवरचा फोटो मात्र शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखा, एकदा उमटला की पुसायची सोयच नाही!

कडावला घरी आलो. ही अंगणात तांदूळ पाखडत होती. "हस गं," म्हटलं आणि खटॅक!

"बघू, दाखवा."

"रोल धुऊन आल्यावर दिसेल."

"मंजी पुसताबी नाय येत?" आणि काय हसली! पुन्हा खटॅक.

तुमच्या घरी आहे का असं फोटो पुसणारं कुणी?

हे लिहितोय तोच दारात स्कूटर थांबली. पत्ता विचारत आलेला दुकानदार! "काका, कॅमेऱ्यात रोल घालायचा राहूनच गेला! हा आणलाय."

म्हणजे मघाचे दोन्ही फोटो उमटलेच नाहीत! ही आत गेली. वाटलं, सुटली एकदाची.

तर आतून आवाज, "अवो, थांबवा त्याला. जरा केस विंचरते."