फाटक्या कानाची मेंढी

जुन्नरच्या एका मंगल कार्यालयात चित्रपट महोत्सव भरला होता. एका कोवळ्या पोरीने मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर मढच्या माळावर सिनेमा काढला होता. मी सहज डोकावले आणि त्यात गुंतून गेले.

पण शेजारचा माणूस सिनेमा भलत्याच तऱ्हेने बघत होता. लाल मुंडासं मांडीवर, चपला खुर्चीखाली. नट रडले, भांडले, याचं लक्षच नाही. मेंढरं आली की मात्र पुढे सरकायचा. ती पडद्याबाहेर गेली की मान वाकडी करून कडेपलीकडे बघायचा.

एकदा फाटक्या कानाची मेंढी चरता चरता थांबली आणि वळून थेट आमच्याकडे बघू लागली. याने तोंडातल्या तोंडात तिला साद घातली.

सिनेमा संपल्यावर मला राहवेना. "मेंढरं तुमची का?"

"व्हय. ती फाटक्या कानाची दिवाळीत वाघानं न्हेली. तिचा सादा फोटू बी न्हाई आमच्याकं."

"काय बघते हो ती आपल्याकडे!"

तो मुंडासं बांधता बांधता थांबला.

"आपल्याकडं न्हाई, ताई. क्यामेऱ्याच्या बाजूला मी हुबा व्हतो."