लाँचवाल्या आण्णांची समुद्रसफर

“ही यादी कुनी केली?” आण्णांनी विचारलं.

“दत्ताभाऊंनी पाठवली. मी फक्त टाईप केली,” मी म्हटलं.

आण्णांचं बोट आठव्या नावावर थांबलं होतं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि तेच नाव पुन्हा वाचलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

“मग मला न्हाई जमायचं. तुमी दुसरं कुनी बगा.”

कासार आंबोलीला त्यांच्या लेकीच्या घरी, पुढच्या पडवीत आम्ही बसलो होतो. मी त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला गेले होते. मुंबईतून खाजगी यॉट घ्यायची तर बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्र आधी द्यावं लागतं. त्या यादीशिवाय बोट निघत नाही. आणि ज्यांच्यासाठी ही सगळी सफर ठरली होती, तेच यादी बघून नाही म्हणत होते.

मी चोवीस वर्षं सहली ठरवण्याचं काम करते. सूसला एका सोसायटीच्या खाली माझं ऑफिस आहे. सुरुवात केली तेव्हा तिथे सोसायटी नव्हती, ज्वारीचं शेत होतं. माझ्याकडे एक लँडलाईन आणि लाल कापडी बांधणीची वही होती. अष्टविनायक, गणपतीपुळे, फार तर गोवा. लोक सतरंजी आणि चिवड्याचे डबे घेऊन यायचे आणि बसमध्ये भेंड्या खेळायचे. आता माझे निम्मे क्लायंट आयटीतले आहेत. त्यांना टीम आउटिंग हवं असतं, आणि अलीकडे यॉट चार्टर. चार्टर म्हणजे तिकीट काढून इतरांबरोबर बसणं नाही. ठरावीक तासांसाठी अख्खी बोट, कॅप्टन आणि खलाशांसकट, आपल्या ग्रुपपुरती घ्यायची. साधारण मागणी ठरलेली असते: सूर्यास्त, केक, मोठा स्पीकर.

दत्ताभाऊ आले तेव्हा म्हणाले, “मॅडम, केक नको, गाणी नकोत. आमच्या लाँचवाल्याला समुद्र दाखवायचाय.”

दत्ताभाऊंचं पौडला हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचं मूळ गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्यापलीकडे. तीसेक वर्षांपूर्वी तिकडच्या वाड्या-वस्त्यांना धड रस्ता नव्हता. पाण्यावर एक लाँच चालायची. शाळेची पोरं, मास्तर, तांदळाची पोती, बाळंतिणी, नवरदेव, सगळं त्या लाँचमधून अलीकडे यायचं. ती चालवायचे आण्णा. पुढे रस्ता झाला, जीपगाड्या आल्या आणि लाँच बंद पडली. आयुष्य पाण्यावर काढलेला हा माणूस खाऱ्या पाण्यावर एकदाही गेला नव्हता. दत्ताभाऊंच्या दहावीच्या बॅचने व्हॉट्सअॅपवर ठरवलं, आण्णांना समुद्रावर न्यायचं.

मला काम फार आवडलं. मी स्वतः भरती-ओहोटीचं वेळापत्रक घेऊन बसले. यॉट धक्क्याला लागत नाही, आत खोल पाण्यात उभी असते. धक्क्याच्या पायऱ्यांवरून छोट्या होडीत उतरायचं आणि होडीतून यॉटवर चढायचं. ओहोटी असली की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असतं. आण्णा ऐंशीच्या घरातले. म्हणून मी भरतीची वेळ पाहून दुपारी चार ते सहाचा स्लॉट घेतला. सगळं जुळलं. अडलं ते आठव्या नावावर.

आठवं नाव नंदाचं होतं. ती दत्ताभाऊंच्याच बॅचमधली, आता पिरंगुटच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मी दत्ताभाऊंना फोन करून कारण विचारलं. मग त्यांनी सांगितलं.

नंदा आठवीत असताना तिच्या वडिलांच्या पोटात अचानक दुखायला लागलं. श्रावणातला दिवस होता, वारं सुटलेलं. त्यांना झोळीत घालून धक्क्यावर आणलं. आण्णा लाँच सोडायला तयार झाले नाहीत. नंदाच्या आईने पाय धरले, तरी नाहीत. शेवटी लोकांनी झोळी डोंगराच्या वाटेने नेली. अर्ध्या वाटेत वडील गेले. त्यानंतर त्या घरातलं कुणी आण्णांशी बोललं नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. क्लायंटच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही. मी दत्ताभाऊंना म्हटलं, “मग एक नाव कमी करावं लागेल. कुठलं, ते तुम्ही ठरवा.”

दुसऱ्या दिवशी नंदाच ऑफिसमध्ये आली. अंगावर कंपनीचा निळा ड्रेस, शिफ्ट संपवून थेट आलेली. ती बसली नाही.

“माझं नाव काढा,” ती म्हणाली. “पण त्यांना एक सांगा. आण्णांना न्यायचं, हे ग्रुपवर पहिल्यांदा मीच लिहिलं होतं.”

“का, विचारलं तर चालेल?”

“किती वर्षं रागवायचं, मॅडम. कंटाळा आला मला.”

मी नियम मोडला. परत कासार आंबोलीला गेले आणि नंदाचं वाक्य जसंच्या तसं आण्णांना सांगितलं. ते आत गेले आणि आधार कार्ड घेऊन आले. नंदाचं नाव मी यादीत तसंच ठेवलं.

ठरल्या दिवशी मिनीबस पौडहून निघाली, सूसला मी चढले. आण्णा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते आणि नंदा सगळ्यात मागे. मधे बाकीची बॅच. पंचेचाळिशीची माणसं, पण शाळेतल्या टोपणनावांनी एकमेकांना हाका मारत होती. लाँचवर कोण कुठे बसायचं, कुणाचं दप्तर पाण्यात पडलं होतं, मास्तर चढताना सगळे कसे एका बाजूला सरकायचे. अशा गप्पा चालल्या की मला माझ्या जुन्या बसमधल्या भेंड्या आठवतात. आण्णा मधूनच मागे न बघता एखादं नाव दुरुस्त करायचे. “दप्तर शांतीचं न्हाई, सुमीचं व्हतं.”

आम्ही मुंबईत धक्क्यावर पोचलो तेव्हा वारं सुटलं होतं. उन्हाळा तोंडावर आला की दुपारी समुद्रावरून वारं येतं, ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जोरात होतं. छोट्या होड्या पायऱ्यांपाशी वर-खाली आपटत होत्या.

यॉटचे कॅप्टन हसनभाई धक्क्यावर आमची वाट बघत उभे होते. रत्नागिरीकडचे, बुटके, मोजकं बोलणारे.

“मॅडम, आज नाय,” ते म्हणाले.

मी बुकिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “अहो, काही नाही, थोडं हलेल. कॅप्टनला समजवा. पार्टी एवढ्या लांबून आलीये.”

आता कबूल करायला हरकत नाही. मी समजवायला गेले. “हसनभाई, अर्धा तास तरी. लांब नको, इथल्या इथेच फिरवून आणा.”

“मोठ्या बोटीचा सवाल नाय,” ते म्हणाले. “हे बाबा छोट्या होडीतून वर कसे चढणार? एक पाय होडीत, एक पाय बोटीत आणि मधे लाट. मी नाय नेणार.”

तेवढ्यात दुसऱ्या दोन पार्ट्या आमच्या डोळ्यांदेखत होड्यांत बसून निघाल्या. टोप्या, सेल्फी, हसणं. आमच्या ग्रुपमध्ये कुजबूज सुरू झाली. “ते जातायत की.” “आपल्यालाच कसं नाही?” “सुट्टी काढून आलोय.” सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे आणि माझी कॅप्टनकडे.

शेवटी दत्ताभाऊ म्हणाले, “आण्णा, तुमी सांगा. एवढ्या वाऱ्यात जाईल का?”

आण्णा पाण्याकडे बघत होते. “मला नगा इचारू. बोट त्यांची हाय.”

“पन तुमाला काय वाटतं?”

आण्णांची मान खाली गेली. त्या क्षणी त्यांना काय आठवत असेल, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मागून नंदा पुढे आली. “कॅप्टन नाही म्हणतायत ना? मग नाही. विषय संपला.”

विषय खरंच संपला. कुणी तिच्याशी वाद घातला नाही.

आम्ही कठड्याजवळ सावलीला बसलो. दत्ताभाऊंच्या मिसेसनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी दिली होती, ती उघडली. मी फोनवर दुसऱ्या तारखेसाठी भांडत होते. तासाभराने त्या दोन्ही पार्ट्या परत आल्या. कपडे भिजलेले, पण सगळे सुखरूप, हसत, फोटो काढत पायऱ्या चढून आले.

“बघा,” कुणीतरी म्हणालं. “काय झालं त्यांना?”

हसनभाईंनी ते ऐकलं. “आले सुखरूप, चांगलं झालं,” एवढंच म्हणून ते दुसरीकडे निघून गेले.

आण्णा हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. “असंच असतं बगा. गेलं आन आलं तर कुनी इचारत न्हाई.”

नंदा भाकरी घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी दोन हातांवर होते, दत्ताभाऊ माझ्या बाजूला. नंदा आमच्याशी बोलताना शुद्ध बोलते. आण्णांशी बोलताना तिची भाषा बदलली.

“बाबांच्या येळी वारं असंच व्हतं का?”

“ह्याच्याहून लई.”

आण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “पन मी भ्यालो बी व्हतो, पोरी. वारं जास्त व्हतं का माजं भ्या जास्त, ते मला आजपतुर कळलं न्हाई. तू इचारशील म्हनून मी येत नव्हतो.”

नंदाने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “तवाच सांगायचं व्हतं.”

“कुनाला? तुज्या आईला?”

समोर एक होडी दोर सोडवून घेत होती, ती दोघं तिच्याकडे बघत राहिली. मग नंदा म्हणाली, “त्यानंतर मी लाँचमधी बसले न्हाई, दोन वरसं काठानं चालत साळंला गेले. तुमी लाँच काठाकाठानं का आनायचा, मला म्हाईत व्हतं.”

मला हे कळलं नाही. दत्ताभाऊ हळूच म्हणाले, “काठाला बुडालेली झाडं हायेत, मॅडम. खोडं लागतात बुडाला. लाँच मधनंच न्यायची असते. ती दोन वर्षं आम्ही रोज उशिरा पोचायचो, मास्तरांचा मार खायचो. आण्णा कारण सांगायचे नाहीत.”

आण्णा नंदाला म्हणाले, “हात केला असतास तर थांबिवली असती.”

“म्हनून तर केला न्हाई.”

मग नंदाने भाकरी चटणीसकट त्यांच्या हातात दिली. “तिखट हाय. बेतानं खावा.”

दत्ताभाऊ उठून दूर गेले. मीही फोनवर बोलायचं सोंग करत त्यांच्यामागे गेले.

परतताना मिनीबसमध्ये बसण्याची जागा कुणी ठरवून दिली नाही. लोणावळ्याच्या पुढे मी मागे वळून पाहिलं, तर आण्णा खिडकीला डोकं टेकून झोपले होते. शेजारच्या सीटवर नंदा मोबाईलवर शिफ्टचा मेसेज टाईप करत होती.

बोट तीन आठवड्यांनी मिळाली. यावेळी मी सकाळचा स्लॉट घेतला. सकाळी वारं कमी असतं, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. हे आधीच करायला हवं होतं. पण चार्टर म्हणजे सूर्यास्त, ही माझ्याच डोक्यात बसलेली सवय. आयटीवाल्यांसाठी आखलेला कार्यक्रम मी आण्णांना लावला होता, ही माझी चूक.

बॅचमधल्या दोघांना सुट्टी मिळाली नाही, बाकी सगळे आले. पायऱ्या उतरताना आण्णांनी एका हाताने हसनभाईंचा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने नंदाचा. वर चढल्यावर इतरांनी डेकवर जागा पकडल्या. आण्णांनी आधी इंजिन बघायला मागितलं. हसनभाईंनी झाकण उघडून दाखवलं. दोघं वाकून पाच मिनिटं त्यात बघत होते. काय बोलले, मला माहीत नाही. नंतर बंदरातली गर्दी मागे पडल्यावर हसनभाईंनी स्टिअरिंगचं चाक आण्णांच्या हातात दिलं. आण्णांची पाठ एकदम ताठ झाली. मागे बॅच आपोआप गप्प झाली, शाळेच्या दिवसांत लाँच सुटताना होत असावी तशी.

अर्ध्या तासाने मी विचारलं, “कसा वाटला समुद्र, आण्णा?”

त्यांनी सगळीकडे बघून घेतलं. “लई मोठा हाय. पन समोरचा काठ दिसत न्हाई. आपल्याला न्हाई करमायचं हितं.”

नंदा हसली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्या सफरीचे माझ्याकडे फारसे फोटो नाहीत. कुणी काढलेच नाहीत. धंद्याच्या दृष्टीने ते वाईट, कारण इन्स्टाग्रामवर टाकायला काही मिळालं नाही.

यॉटची कामं मी अजून करते. कधी वाऱ्यामुळे कॅप्टन नाही म्हणतो. बुकिंगवाला फोनवर सांगतो, त्यांना समजवा. मी समजवायला जात नाही. पार्टीला आधी चहा प्यायला नेते, आणि चहा येईपर्यंत पुढची मोकळी तारीख शोधून ठेवते.